जात्याचा टीपॉय होणार नाही

वाईच्या पेठेतला एखादा वाडा उतरवायला काढला की त्याचं सागवान बघता बघता गावाबाहेर जातं. खांब, तुळया, कडीपाटाच्या फळ्या, गणेशपट्टीसकट चौकटी, कड्या-कोयंडे, सगळं. हा माल पुण्या-मुंबईच्या जुन्या लाकडाच्या वखारींत पोचतो आणि त्यातला थोडाफार हौशी गिऱ्हाइकांच्या टेम्पोत बसून पुन्हा याच रस्त्याला लागतो. कारण धोमच्या पाण्याकाठी, मेणवलीच्या पुढे, पसरणी घाटाच्या पायथ्याशी आणि वर पाचगणीच्या अंगाला सुटीची घरं वाढत चालली आहेत आणि त्या नव्या घरांना जुनं रूप हवं आहे.

आमच्याही एका घराचं जोतं धोमच्या बाजूला बांधून झालंय. दोन खोल्या, पुढे पडवी, मागे न्हाणी, वर मंगलोरी कौलं. आत काय काय ठेवायचं याची यादी मी केली आणि आत्याला वाचायला दिली. आत्यानं सगळं आयुष्य वाईत काढलं, इथल्याच शाळेत शिकवलं. आजही गंगापुरीतल्या आमच्या जुन्या वाड्यातल्या दोन खोल्यांत तिचं बिऱ्हाड आहे. मला जुन्या वस्तूंचं वेड आहे आणि तिनं त्या वस्तूंबरोबर संसार रेटलेला पाहिला आहे. यादीवरून आमचं जे बोलणं झालं ते मला माझ्या यादीपेक्षा मोलाचं वाटतं. म्हणून ते मांडते आहे.

आत्या : पहिल्याच ओळीत काय लिहिलंयस? जातं, त्यावर काच, टीपॉय म्हणून?

मी : हो. भुईंजच्या बाजूला एकांच्या परसात पडून आहे. काळ्या दगडाचं, चांगलं मोठं. दोन्ही पाळ्या शाबूत आहेत. बैठकीच्या मधोमध ठेवलं तर येणाऱ्याची नजर आधी तिथंच जाईल.

आत्या : जात्याला पाय लागला तर आम्ही हात लावून नमस्कार करायचो. तू त्याच्यावर चहाचे कप ठेवणार आणि पाहुणे त्याच्याकडे पाय पसरून बसणार.

मी : तुझी भावना कळते मला. पण परसात पावसात भिजत राहण्यापेक्षा...

आत्या : भावनेचं राहू दे, कामाचं बोलू. तुझ्या आजीच्या वेळेला पहाटे दोघी समोरासमोर बसायच्या. एकीचा हात दमला की दुसरीचा खुंट्यावर. मूठमूठ दाणे वैरायचे, ना जास्त ना कमी. जास्त वैरलं की भरड पडते, कमी वैरलं की दगडावर दगड घासून पिठात कच येते. पाळ्या गुळगुळीत झाल्या की टाकी लावणाऱ्या बायका दारावर यायच्या, छिन्नीनं ठोकून दगडाला परत धार आणायच्या. एवढं करून सकाळच्या भाकऱ्यांपुरतं पीठ. गावात गिरणी आली आणि घरातल्या बायकांनी जातं कोपऱ्यात सारलं. कुणाचा जीव हळहळला नाही. लग्नाची हळद दळायला मात्र तेच धुऊन-पुसून पुढे यायचं.

मी : मग त्यांचे ते कष्ट पुढच्यांच्या डोळ्यांसमोर राहायला नकोत का? माझाही हेतू तोच आहे.

आत्या : काचेखाली कष्ट दिसत नाहीत गं, दगड दिसतो. पडवीच्या कोपऱ्यात मांड. खाली गोणपाट, वर खुंटा घट्ट बसवलेला. पोरं सुटीला आली की त्यांना मूठभर ज्वारी दळू दे. थोड्या वेळात खांदे भरून येतील. आजीचा दिवस कुठून सुरू व्हायचा ते तेव्हा कळेल त्यांना.

जात्याचा टीपॉय यादीतून तिथंच गेला. पुढच्या वस्तूंवर मात्र मी इतक्या लवकर माघार घेतली नाही.

मी : आत्या, कामाची असेल तरच वस्तू ठेवायची, असा न्याय लावला तर जुनं म्हणून काही उरणारच नाही. घराघरांतलं तांबं-पितळ स्टीलच्या डब्यांच्या बदल्यात गेलं. किलोच्या भावानं वितळलं. कुणीतरी बिनकामाचं म्हणून टाकलेलं दुसऱ्या कुणीतरी नुसतं आवडलं म्हणून उचललं, म्हणूनच थोडं वाचलं. दिनकर केळकरांचं बघ. पुण्यात बसून त्यांनी अडकित्ते, दिवे, दौती, पानाचे डबे, दारं, पेटारे जमवले. कुठल्या राजाचा खजिना नव्हता तो, तुझ्या-माझ्या घरातलं सामान होतं. वीस हजारांच्या आसपास वस्तू. त्यांनीही तेव्हा 'काम काय याचं' असं विचारलं असतं तर?

आत्या : केळकरांचं नाव काढलंस ते बरं केलंस. शाळेच्या सहली घेऊन मी त्या संग्रहालयात गेलेय. त्यांचा राजा नावाचा मुलगा लहानपणीच गेला, त्याच्या नावानं त्यांनी ते उभं केलं आणि पुढे सगळा संग्रह राज्य सरकारच्या हवाली केला. स्वतःच्या दिवाणखान्याची शोभा वाढवायला नाही जमवला. कोथरूडचा मस्तानी महाल पडायला आला तेव्हा त्याचे भाग आणून तिथं परत उभे केले आणि तो मस्तानीचा महाल म्हणूनच उभा केला. आता तू तुझ्या वखारवाल्याला विचार, ही चौकट कुठल्या गावची, कुणाच्या घरची. सांगतो तो?

मी : नाही सांगत. एकदा 'कोकणातली' म्हणाला, पुढच्या खेपेला तीच 'राजस्थानातली' झाली होती.

आत्या : मग तिच्यातलं जुनं म्हणून तुझ्या हाती काय आलं? झिजलेलं लाकूड.

मी : लाकूडही थोडकं नसतं. पण तुझं म्हणणं मला अर्धं मान्य आहे आणि कायद्यालाही ते मान्य आहे म्हण. १९७२ चा पुरावशेषांचा कायदा आहे. शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावशेष ठरते आणि त्या व्याख्येत इमारतीपासून सुटा केलेला भागही येतो. तिचा व्यापार करायला परवाना लागतो, देशाबाहेर तर नेताच येत नाही. देवळाच्या कोरीव दगडांकडे, वीरगळांकडे म्हणूनच मी फिरकत नाही. पाचगणीकडच्या एका बागेत वीरगळ उभा करून त्यावर दिवा लावलेला मी पाहिलाय. बघवलं नाही मला.

आत्या : तो कुणाच्या तरी गावच्या वेशीवर उभा असणार. गावासाठी मेलेल्या माणसाची खूण ती.

इथं आम्ही दोघी थोडा वेळ एका बाजूला होतो. पण मेणवलीचा विषय निघाला आणि पुन्हा जुंपली. वाईपासून तीन-चार किलोमीटरवर कृष्णेकाठी नाना फडणविसांचा वाडा आहे. अठराव्या शतकातलं, सहा चौकांचं बांधकाम, भिंतींवर चित्रं, मागच्या दारानं उतरलं की घाट आणि देवळं. जुन्या घराचा आदर्श म्हणून माझ्या डोळ्यांसमोर तोच वाडा होता.

मी : मला घरात मेणवलीच्या वाड्यासारखं वातावरण हवंय. लाकडी खांब, पितळी समया, जुने पेटारे, घडवंच्या, भिंतीवर तलवारी नकोत, पण पाभरीचं चाडं, बैलगाडीचं चाक, कंदील...

आत्या : थांब. नानांच्या वाड्यात तू काय पाहिलंस सांग.

मी : चौक, चित्रं, नानांचा पलंग, कडीपाट.

आत्या : आणि सामान?

मी : फारसं नाही. आता तिथं कुणी राहत नाही म्हणून.

आत्या : राहते होते तेव्हाही जमिनीवर फार काही नसणार. मी हा आपला वाडा भरलेला असताना पाहिलाय. बैठक म्हणजे जाजम, वर गादी, लोड-तक्के, लिहिणाऱ्यासाठी एक उतरतं डेस्क. रात्री तिथंच अंथरुणं पडायची, सकाळी वळकट्या एका कोपऱ्यात. जेवायला पाट मांडायचे, जेवणं झाली की पाट भिंतीला. सगळं सामान भिंतीच्या पोटात. दिव्याला देवळी, पुस्तकाला कोनाडा, कपड्याला खुंटी, लोणच्याच्या बरण्यांना फडताळ. पांढऱ्या मातीच्या दोन-दोन हात जाड भिंती होत्या, म्हणून ते जमायचं. तुला जुन्या घरात गेल्यावर जो गारवा वाटतो ना, त्यातला निम्मा मोकळ्या जमिनीचा आहे. तुझ्या यादीतलं सगळं मांडलंस तर घरात पाय ठेवायला जागा राहणार नाही. मेणवली कुठली, ती वखारच होईल.

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि आजही नाही. जुनेपणा म्हणजे जुन्या वस्तूंची दाटी हे चित्र मासिकांतून, हॉटेलांतून आपल्या डोळ्यांत बसलंय. आपली जुनी घरं अशी नव्हती, ती मोकळी होती. खुर्ची, टेबल, कपाट ही मंडळी नंतर आली. आमच्या भागात तर ती घाटावरून खाली आली असणार असं मला वाटतं. महाबळेश्वरला १८२८-२९ च्या सुमारास इंग्रजांचं ठाणं बसलं, मग पाचगणी वसली. साहेबांच्या आणि पारशांच्या बंगल्यांतल्या लांब हातांच्या वेताच्या आरामखुर्च्या, आरशाची कपाटं, चिनी मातीच्या बरण्या इथल्या लोकांनी पाहिल्या. मी आत्याला म्हटलं, पाचगणी वाईपासून पसरणी घाटाच्या चढाएवढी लांब. मग तिथली एखादी आरामखुर्ची आपल्या पडवीत का नको? ती लगेच कबूल झाली. आरामखुर्ची तिला स्वतःलाच हवी होती.

मी : आता माझं एक ऐक. मेणवलीच्याच घाटावर ती घंटा आहे ना? १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, तेव्हाच्या लुटीतली. पोर्तुगीज चर्चची घंटा. तिच्यावर १७०७ साल आहे, बाळ येशूला घेतलेल्या मेरीची आकृती आहे. आणि ती महादेवाच्या देवळापुढं टांगलीय. तशाच घंटा भीमाशंकरला आहेत, नाशकात नारोशंकराच्या देवळात आहेत. कुठली वस्तू कुठं आली बघ. लोकांनी ती परकी मानली नाही. वस्तू जागा बदलतात, नव्या घरात रुळतात. मग वखारीतल्या चौकटीनं धोमला येऊन रुळायला काय हरकत?

आत्या : काही हरकत नाही. पण घंटा इथं येऊनही घंटाच राहिली ना? उलटी करून कुणी तिच्यात झाड लावलं नाही. तिची हकिगतही हरवलेली नाही. वसईची, चिमाजी अप्पांच्या वेळची, हे मेणवलीतलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. तुझ्या चौकटीचं दारच कर, कपडे वाळत घालायला वापरू नकोस, आणि कुठून आली ते विचारून घे. एवढंच माझं मागणं.

मी : आणि हकिगत मिळालीच नाही तर?

आत्या : तर नको घेऊस. सिनेमावाले येतात बघ इथं. 'स्वदेस'मध्ये आपल्या मेणवलीचं चरणपूर झालं. 'गंगाजल'मध्ये वाई बिहारात गेली, 'दबंग'मध्ये उत्तर प्रदेशात. घाट तोच, देऊळ तेच, नाव भलतंच. सिनेमात ते शोभतं, त्यांचं काम आहे ते. राहत्या घरात मला नाही आवडणार. आपण कुठं बसलोय ते घराला ठाऊक असावं.

हा मुद्दा मला पुरता पटलेला नाही. ज्या वस्तूचा ठावठिकाणा हरवलाय ती अनाथ म्हणून सोडून द्यायची, यात मला थोडी कठोरता दिसते. मोडीच्या दुकानात पडलेल्या पितळी डब्याला त्याचं गाव सांगता येत नाही, हा त्याचा दोष नाही. आम्ही इथं वेगळ्याच राहिलो.

तांब्या-पितळेवर आमची मतं सर्वांत जास्त ताणली गेली, आणि गंमत म्हणजे सर्वांत चांगला तोडगाही तिथंच निघाला.

आत्या : हे काय, 'पितळ घासू नये'?

मी : काळपट, हिरवट झाक असते ना, तीच तर मला हवीय. चकचकीत केलं की वस्तू कालच घेतल्यासारखी दिसते.

आत्या : हिरवी झाक म्हणजे जंगाल. तसल्या भांड्यात ताक ठेवलंस तर कळकेल आणि पिणारा आजारी पडेल. शोभेची समई काळी ठेव हवी तर, पण समईही आठवड्याला चिंच लावून घासायची असते. मला काळी समई दिसली की घरात सुतक आहे की काय असं वाटतं. आणि ज्या भांड्यात रांधायचं, त्याला कल्हई पाहिजेच.

मी : कल्हईवाले आता कुठं राहिलेत?

आत्या : कमी झालेत, संपले नाहीत. विचारत गेलं की सापडतात. तू लहान असताना अंगणात बसायचा, आठवतो?

आठवतो. जमिनीत छोटा खड्डा, त्यात कोळसा, बाजूला हातानं फिरवायचा भाता. भांडं चिमट्यात धरून निखाऱ्यावर फिरवत तापवायचं, मग नवसागराची पूड टाकायची. पांढऱ्या धुराचा लोट उठायचा आणि नाकात झोंबणारा वास सगळ्या आळीत पसरायचा. लगेच कथलाची कांडी तापल्या तळाला टेकवायची, ती लोण्यासारखी विरघळली की कापसाच्या बोळ्यानं झपझप सगळीकडे फिरवायची. काळं पडलेलं पातेलं डोळ्यांदेखत रुपेरी व्हायचं. मग पाण्याच्या बादलीत चर्र. कथील २३२ अंशांना वितळतं, हे मी पुढे शाळेत शिकले. त्या माणसाला ते धुराच्या रंगावरून कळत होतं.

मी : बरं, रांधायच्या भांड्यांना कल्हई. पण बंबाचं काय? तांब्याचा बंब मिळालाय. त्याच्यात दिवा बसवून पडवीत ठेवायचा विचार होता.

आत्या : अगं, बंब! तो न्हाणीत ठेव. धोमला डिसेंबरात पाण्यावरून वारा येतो तेव्हा काकडायला होतं आणि वीज जायचीच. मधल्या नळकांड्यात खाली काटक्या आणि शेणकुटाचा तुकडा, वरून कोळसा. भोवतीनं पाणी. पंधरा-वीस मिनिटांत तोटी सोडली की वाफाळतं पाणी. आवारातल्या झाडांच्या वाळक्या फांद्याच तुला वर्षभर पुरतील. फक्त पाणी भरल्याशिवाय पेटवायचा नाही, नाहीतर सांधे सुटतात. आणि धूर जायला वर झरोका ठेव, कोंडलेल्या न्हाणीत बंब पेटवायचा नसतो.

मी : झरोका नकाशात नाही.

आत्या : भिंती कुठं झाल्यात अजून? घालता येईल.

भिंती अजून झालेल्या नाहीत, हे वाक्य त्या दुपारी दोन-चारदा आलं. कोनाड्यांचा विषय पुन्हा निघाला तेव्हाही आलं. नऊ इंची विटेच्या भिंतीत खोल कोनाडा काढता येत नाही. पण पश्चिमेकडची एक भिंत दगडात, दीड-दोन फूट जाडीची उचलली तर तिच्यात दोन फडताळं आणि दिव्याच्या देवळ्या बसतात, उन्हाची तलखीही अडते. विकत आणायच्या तीन कपाटांवर मी तिथंच काट मारली.

मग आत्यानं मला नवं घ्यायला सांगितलं, याचं मला आधी आश्चर्य वाटलं. जुन्या घोंगड्याऐवजी नवं घोंगडं. माणदेशात, आटपाडीकडे दख्खनी मेंढीच्या लोकरीची घोंगडी अजून हातमागावर विणतात. चिंचोक्याची खळ लावतात म्हणून ती सुरुवातीला टोचतात, वापरून मऊ पडतात. गोधड्या घरातल्याच लुगड्यांच्या शिवून घ्यायच्या. सूप, दुरडी, कणगी बुरुडाकडून, माठ कुंभाराकडून. तिचं म्हणणं असं की गावरान वस्तू करणारी माणसं अजून हयात आहेत, त्यांना सोडून आपण मेलेल्या घरांचं सामान गोळा करत फिरतो. मला हे शंभर टक्के पटलं, म्हणून त्यावर वाद झालाच नाही.

बनावट जुन्याबद्दलही आम्ही एकाच बाजूच्या आहोत. नव्या लाकडावर आम्ल ओतून, साखळीनं ठोकून, धूर देऊन वय चढवतात. ओळखायचं कसं, ते मी वखारीत उभी राहून शिकले. खरी झीज हात लागतो तिथंच असते. पेटाऱ्याच्या झाकणाची पुढची कड मध्यभागी गुळगुळीत हवी, कोपऱ्यांना नको. उंबऱ्याचा खोलगट भाग पाऊल पडतं त्या बाजूला कललेला असतो. माझ्याकडे पाभरीचं एक चाडं आहे, शिसवी लाकडाचं, वाटीएवढं. त्याच्या वरच्या काठावर एकाच अंगाला अंगठा बसेल एवढी खळी पडलीय. पेरणारी उजव्या हातानं मुठी सोडताना तळव्याचा काठ रोज तिथं घासत असणार. तळाची भोकंही सगळी सारखी झिजलेली नाहीत. ज्या भोकातून दाणा जास्त गेला ते मोठं झालंय. असली झीज यंत्रानं आणता येत नाही. आत्यानं ते चाडं हातात घेऊन बराच वेळ फिरवलं. ते यादीत राहिलं. भिंतीवर टांगायला तिनं हरकत घेतली नाही. मी कारण विचारलं.

आत्या : पाभर काही तू हाकणार नाहीस. आणि याला अजून हात दिसतोय.

तिच्या सगळ्या नियमांना अपवाद ठरलेली ही एकच वस्तू. मला वाटतं, तिच्या आग्रहाचं मूळ इथं उघडं पडलं. काम हवं हा हट्ट ती धरते तो वस्तूमागचं माणूस पुसलं जाऊ नये म्हणून.

देव्हाऱ्यावर फार बोलावं लागलं नाही. जुने शिसवी देव्हारे हल्ली बाटल्या ठेवायला घेतात. ज्याला घ्यायचेत त्यानं घ्यावेत, आमच्या घरात ते होणार नाही. लाकडाची निगा मात्र आत्यानं मला पाठ करायला लावली. सुटीचं घर पावसाळाभर बंद राहतं आणि बंद घरात लाकूड आजारी पडतं. तळाशी पिठासारखी भुकटी दिसली तर भुंगा लागलाय. असलं लाकूड घरात आणायचंच नाही, आणलं तर चांगलं ऊन दाखवून औषध मारून मगच. जमिनीला लागून काही ठेवायचं नाही, खाली दगडी चिपा. पावसाआधी जवसाचं तेल. पेटाऱ्यात वेखंड आणि वाळका कडुलिंब. आणि पावसात निदान महिन्याला कुणीतरी जाऊन दारं-खिडक्या उघडायच्या.

शेवटी मी जे विचारायचं टाळत होते ते विचारलं. हा वाडा आता आमच्या एकट्यांचा नाही, भाऊबंदांत त्याचे बरेच वाटे आहेत आणि तो विकासाला द्यायचं जवळपास ठरलंय.

मी : आत्या, वाडा उतरवायला काढतील तेव्हा माजघराचा दरवाजा मी मागून घेऊ का?

आत्या : बैठकीत टेबल करायला?

मी : नाही. धोमच्या घराचं मधलं दार म्हणून.

आत्या : दार झाडताना आई रोज त्याच्या पितळी फुल्या पदरानं पुसायची. मी कुणाला देणार नव्हते तो. नुसती फळकुटं नेणार असशील तर आताच नाही म्हणते. चौकट, उंबरा, वरची गणेशपट्टी, कडी, आतला अडसर, सगळं एकत्र गेलं पाहिजे. आणि मागच्या बाजूला आतून लिहायचं, गंगापुरीतल्या कुठल्या घरचं ते. रंग द्यायचा नाही.

मी : कबूल. पण एक अडचण आहे. ती चौकट साडेपाच फूटसुद्धा भरायची नाही. आमच्या नकाशात सगळी दारं सात फुटांची आहेत. घरात उंच मुलगे आहेत, कपाळं आपटतील.

आत्या : तुझे आजोबा सहा फूट होते. वाकून यायचे. दोनदा आपटलं की तिसऱ्यांदा माणूस आपोआप वाकतो. सातच्या भोकात साडेपाचाची चौकट घालून वर फळी ठोकलीत तर ती ठिगळच दिसेल. नकाशा बदल.

मी : मिस्त्री ऐकायचा नाही. तो म्हणेल, भिंती होऊ द्या, मग दाराचं बघू.

आत्या : त्याला सांग, पूर्वी आधी चौकट उभी करायचे आणि मग तिच्या दोन्ही अंगांनी भिंत वर यायची. या चौकटीला वर-खाली दोन्ही बाजूंना लाकडं पुढे आलेली आहेत, ती भिंतीत जायची असतात. वाडा उतरवणारे ती करवतीनं कापून मोकळे होतात. ती शाबूत निघायला हवीत, म्हणजे आधी बाजूची माती खणावी लागेल. ते काम त्या लोकांच्या हातात देऊन चालणार नाही, आपला सुतार उभा पाहिजे. सोमवारी मिस्त्रीला आणि सुताराला दोघांनाही टेप घेऊन इकडे पाठव. मापं मी लिहून घेते.